कपाटाला चंदा, माणसाला सवाब

बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत आमच्या मोहल्ल्याच्या ट्रस्टची एक खोली आहे. दहा बाय चौदाची, दार थेट रस्त्यावर उघडणारी. रस्त्यावर दार असणे हेच तिच्या नशिबी वाईट ठरले. २०२२ च्या डिसेंबरात एका रविवारी इशाच्या नमाजनंतर ट्रस्टची बैठक भरली. आम्ही नऊ जण होतो. विषयपत्रिकेवर तिसरा विषय होता, ‘वाचनालयाची खोली भाड्याने देणेबाबत’. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचे महिना साडेतीन हजार भाडे येणार होते. पुस्तके किती आहेत, असे एकाने विचारले. कुणालाच ठाऊक नव्हते. ‘चार कपाटं आहेत,’ असे उत्तर आले. कपाटे ट्रस्टच्या कार्यालयात हलवायची आणि पुस्तके योग्य त्या ठिकाणी द्यायची, असे ठरले. ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे माझ्याही मताने.

मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवले आहे. वाचनसंस्कृतीवर भाषणे केली आहेत, त्यांच्या शाली घरात आहेत. त्या रात्री मी तोंड उघडले नाही. भाड्याच्या पैशातून वजूखान्याचे काम व्हायचे होते, आणि अशा कामाच्या आड आलेला माणूस मोहल्ल्यात सुखाने राहत नाही, असे कारण मी स्वतःला दिले. चार-पाच दिवसांनी ‘योग्य ते ठिकाण’ कळले. स्टेशनच्या रस्त्याला रद्दीवाल्याच्या गाडीवर आमच्या वाचनालयाचा शिक्का मारलेली पुस्तके किलोने चालली होती. मी तीन पोती सोडवून आणली. बाकीची तोवर गेली होती.

म्हणून हा लेख. सरकारवर, समाजावर आणि काळावर खापर फोडणारे पुष्कळ लेख मी लिहिले आहेत. हाही काही प्रमाणात तसाच होईल, पण सुरुवात कुठून झाली ते सांगून ठेवलेले बरे.

ती खोली वाचनालय होती ती एका माणसामुळे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. ते दिवसा जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब लिहायचे आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ वाचनालय उघडायचे. चाळिशी उलटल्यावर त्यांनी सायकलने अमरावतीला जाऊन ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षेचा वर्ग केला आणि पास झाले. मोहल्ल्यात याचे हसू झाले. पुस्तके उचलून द्यायची, त्याला परीक्षा कशाला?

हा प्रश्न अजूनही विचारला जातो, चांगली शिकलेली माणसे विचारतात. म्हणून चाचा काय करायचे ते जरा सविस्तर सांगतो.

सातवीत असताना मला इब्ने सफींच्या जासूसी कादंबऱ्यांचे वेड लागले होते. चाचांनी कधी अडवले नाही. पाच दिल्या, सहावीबरोबर बाबूराव अर्नाळकरांचे एक पातळ पुस्तक हातात ठेवले. ‘ये भी ले जा. मराठी है. अच्छा नै लगा तो कल वापस कर.’ ते वापस गेले, पण दुसरे अर्नाळकर घेण्यासाठी. अर्नाळकरांवरून पुढे अण्णाभाऊ साठे, अण्णाभाऊंवरून अमर शेख. अमर शेख हे मेहबूब पटेल होते, हे मला शाळेच्या पुस्तकाने सांगितले नाही, चाचांनी सांगितले. मी पुढे मराठीचा शिक्षक झालो तो या शिडीने. ही शिडी कुणीतरी लावून धरली होती हे मला फार उशिरा कळले, कारण चांगला ग्रंथपाल शिडी धरून उभा आहे हे चढणाऱ्याला जाणवू देत नाही.

दुसरी गोष्ट बायकांची. जुन्या कागदांत आमच्या गावाचे नाव ‘बडनेरा बीबी’ असे येते. अहमदनगरच्या एका शहजादीच्या आंदणात हे गाव गेले होते, असे गॅझेटियर सांगते. बीबीच्या नावाच्या या गावात बाईमाणसाला तासभर बसून वाचायला जागा नव्हती. मुली भावाच्या कार्डावर पुस्तके मागवायच्या, आणि भाऊ त्याच्या पसंतीची आणून द्यायचा. चाचांनी वेळ शोधली ती जुम्म्याची. एक ते अडीच मोहल्ल्यातले पुरुष मशिदीत असतात, रस्ता रिकामा असतो. त्या वेळी वाचनालय फक्त बायकांसाठी उघडे. चाचांना स्वतः नमाजला जायचे असायचे, म्हणून चाची किल्ली घेऊन बसायच्या. चाचींना वाचता येत नव्हते. आकडे मात्र येत होते, आणि दाखल अंकावरून त्या कुठलेही पुस्तक काढून द्यायच्या. ‘सातशे बारा? वो दाई के काम वाली. वो गई है, मंगल को आना.’ गरोदरपण, बाळाचे आजार, शिवण, नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती, आणि कादंबऱ्या. कादंबऱ्या सगळ्यांत जास्त.

आणि देवघेवीच्या वहीत बायकांच्या खात्यावर नाव नसे, नुसता सभासद क्रमांक. नावे चाचांच्या डोक्यात. मी विचारले तेव्हा म्हणाले, एक दिवस कुणाचा तरी भाऊ येईल आणि वही चाळेल. तो आलाच. बहीण काय वाचते ते दाखवा म्हणाला. चाचांनी वही त्याच्यापुढे उघडून ठेवली. आकडे बघून तो निघून गेला. जगभरच्या ग्रंथपालांच्या आचारसंहितांमध्ये वाचकाची गुप्तता हे कलम असते, हे मी पुढे वाचले. चाचांनी ते वाचले नव्हते. त्यांनी मोहल्ला वाचला होता.

तिसरी गोष्ट त्यांच्या एका सवयीची. कुणी काही ठोकून बोलले की चाचा विचारायचे, ‘कहाँ छपा है? दिखा.’ हदीस म्हणून काही सांगा, इतिहास म्हणून सांगा, पुढाऱ्याचे विधान म्हणून सांगा, प्रश्न तोच. माणूस चिडायचा. पण पुढच्या वेळी बोलण्याआधी थोडा थांबायचा.

हे सगळे पुस्तक उचलून देणे आहे काय?

आता पगाराचे. आमचे वाचनालय शासनमान्य ‘ड’ वर्गाचे होते. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याच्या आधाराने १९७० मध्ये अनुदानाचे नियम झाले आणि अ, ब, क, ड असे वर्ग पडले. या कायद्याची आपण फार स्तुती करतो, कारण त्यामुळे गावोगाव ग्रंथालये झाली आणि आज मान्य ग्रंथालयांचा आकडा हजारोंच्या घरात आहे. पण कायद्याने केले काय? ग्रंथालये संस्थांवर सोपवली आणि सरकारने अनुदानाचा हात पुढे केला. मद्रासने १९४८ मध्येच घरपट्टीवर ग्रंथालयासाठी अधिभार बसवला होता. कर्नाटकाने १९६५ च्या कायद्याने कर तर बसवलाच, पण ग्रंथालयांतली माणसेही सरकारी सेवेत घेतली. आपल्याकडे असा कर नाही, आणि ग्रंथपाल संस्थेचा नोकर. संस्था म्हणजे कोण? आमच्यासारखे नऊ जण.

२०१२ च्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाला परिरक्षण अनुदान वर्षाला ३०,००० रुपये झाले. त्यातले निम्मे वेतनावर, निम्मे पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, बांधणी वगैरेंवर. म्हणजे ग्रंथपालाला वर्षाला १५,०००, महिन्याला १,२५०. परीक्षा पास झालेल्या, रोज ठरल्या वेळी दार उघडणाऱ्या माणसाला. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली तेव्हा पेढे वाटल्याच्या बातम्या आल्या. त्या वाढीने हिशेब महिन्याला दोन हजारांवर गेला. वेतनश्रेणी आणि सेवाशर्ती असाव्यात म्हणून समित्या झाल्या, व्यंकप्पा पत्की समितीचे नाव तर ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या प्रत्येक मोर्चात ऐकू येते. २०१२ मध्ये महसूल खात्यामार्फत राज्यभर पडताळणी झाली आणि कित्येक ग्रंथालये कागदावरच चालतात असे निघाले. त्यावर ओरड झाली, ती योग्यच होती. पण साडेबाराशे रुपयांत माणूस मिळत नाही, कागदच मिळतो, हे कुणी मोठ्याने बोलले नाही.

इथे थांबलो असतो तर लेख सोयीचा झाला असता. दोष सरकारचा, आपण बिचारे. पण चाचांनी २०१४ मध्ये ट्रस्टकडे एक अर्ज दिला होता, तो मी विसरू शकत नाही. सरकारच्या साडेबाराशेवर ट्रस्टने दोन हजार घालावेत, एवढेच मागणे. त्याच बैठकीत एका देणगीदाराने चौथे कपाट द्यायचे जाहीर केले. पोलादी, काचेच्या दारांचे. मरहूम वालिदांचे नाव वर रंगवायचे, ही अट. टाळ्या पडल्या. मग चाचांचा अर्ज निघाला. आमच्यातले एक बुजुर्ग प्रेमाने म्हणाले, ‘मियाँ, ये तो सवाब का काम है.’

चाचा उठून उभे राहिले. ‘सवाब मेरा है, वो अल्लाह देगा. पगार आपके जिम्मे है, वो आप दीजिए.’

कुणी काही बोलले नाही. अर्ज पुढच्या बैठकीवर ढकलला आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो नव्हता. चिटणीस मीच होतो.

आपल्या समाजाची हीच रीत झाली आहे, आणि मी तिला विरोध करतो आहे. कपाटाला चंदा मिळतो, कारण कपाटावर नाव रंगवता येते. इमारतीला मिळतो, तिच्यावर संगमरवरी पाटी बसते. माणसाच्या पगाराला मिळत नाही. पेशइमाम आणि मुअज्जिन यांचे पगारही फार असतात असे नाही, ती वेगळी लाजेची गोष्ट आहे. पण पगार द्यावा लागतो एवढे तरी तिथे मान्य आहे. शादीखान्याच्या चौकीदाराला पगार, शॉपिंगच्या गाळ्यांचे भाडे वसूल करणाऱ्याला पगार. ग्रंथपालाला सवाब. म्हणजे जे काम शिकून करायचे त्याला सवाब आणि जे न शिकता करता येते त्याला पगार.

चाचा २०१९ मध्ये गेले. त्या पैशात बसायला कुणी तयार होईना. मोहल्ल्यातल्या एका मुलीने ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली होती. तिला विचारले, तर तिच्या वडिलांनी पगार ऐकून आम्हाला चहा पाजला आणि विषय बदलला. मग किल्ली कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. मग कोरोना. बंद वाचनालयाला अनुदान मिळत नसते, ते थांबले. आम्ही म्हणू लागलो की आता कुणी वाचत नाही. वाचणारे होते. दार उघडणारा नव्हता.

आणि त्याच काळात २०२१ चा नोव्हेंबर आला. त्रिपुरातल्या घटनांवरून १२ तारखेला अमरावतीत मोर्चा निघाला, दुसऱ्या दिवशी बंद पाळला गेला, दगडफेक, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. त्याआधीच्या दिवसांत माझ्या फोनवर जे जे आले, ते कुठले, कधीचे, कुणी काढलेले, हे पाठवणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आले नाही. पलीकडच्या फोनांतही असेच काही फिरत असणार. चाचांचा प्रश्न विचारणारे मोहल्ल्यात कुणी उरले नव्हते. एका ग्रंथपालाने दंगल थांबली असती असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण ज्या गल्लीत चाळीस वर्षे एक माणूस ‘कहाँ छपा है’ असे विचारत होता, तिथल्या पोरांना तो प्रश्न ऐकूनही माहीत नाही, याची जबाबदारी कुणाची? नेट बंद असलेले ते दिवस माझ्या घरात नातवंडांनी भिंतीकडे बघून काढले. कुलूपबंद खोली शंभर पावलांवर होती.

आता आपल्या भाषणांविषयी. आपल्याकडे वाचनावरचे प्रत्येक भाषण ‘इक्रा’पासून सुरू होते, बगदादच्या बैतुल हिकमतवरून कर्डोव्हाला जाते आणि चहापाण्यावर संपते. मीही अशी भाषणे केली आहेत. कर्डोव्हात खलिफा दुसऱ्या हकमच्या ग्रंथालयात चार लाख ग्रंथ होते, हा आकडा मी किती वेळा टाळ्यांसाठी वापरला! त्या ग्रंथालयाची सूची ४४ वह्यांची होती, हे ज्याच्या तोंडून पुढच्या पिढ्यांना कळले, तो तालीद नावाचा त्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. चार लाख आपल्याला पाठ, तालीद नाही. सूची करणारा माणूस नसेल तर चार लाख ग्रंथ म्हणजे चार लाख ग्रंथांची रद्दी.

दहाव्या शतकात इराणातल्या रय शहरात इब्नुल अमीद नावाचा वजीर होता. इतिहासकार आणि नीतिशास्त्रज्ञ मिस्कवैह हा त्याचा ग्रंथपाल. एकदा खुरासानातून आलेल्या टोळ्यांनी वजिराचा वाडा लुटला. तो परतला तेव्हा घरात बसायला काही नव्हते, पाणी प्यायला भांडे नव्हते. मिस्कवैह समोर आला तेव्हा वजिराने आधी पुस्तकांचे विचारले. ती सुखरूप आहेत असे कळल्यावर त्याचा चेहरा फुलला. बाकीचे सगळे पुन्हा मिळवता येते, हे मिळवता येत नाही, असे तो म्हणाला. हे मिस्कवैहनेच आपल्या इतिहासात लिहून ठेवले आहे. आमच्या खोलीवर कुठली टोळी आली नव्हती. आम्ही नऊ जण होतो, वजू करून बसलेले.

इतक्या लांब जायचेही कारण नाही. १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती ग्रंथपाल दिन म्हणून साजरी होते. व्हायलाच हवी, पुस्तके वापरासाठी असतात, कुलपासाठी नाहीत, हे शास्त्र म्हणून त्यांनी १९३१ मध्ये या देशाला सांगितले. पण त्या दिवशी आपल्या शाळांमध्ये आसफ अली असगर फैजी हे नाव कुणी घेते का? फैजींचे नाव आपल्यात निघते ते मुस्लिम कायद्यावरच्या त्यांच्या ग्रंथामुळे किंवा त्यांच्या सुधारणावादी मतांमुळे, आणि निघाले की मंडळी दोन बाजूंना बसतात. याच फैजींच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने १९३९ मध्ये ग्रंथालय विकास समिती नेमली होती. १९४० मध्ये तिचा अहवाल आला. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली प्रादेशिक, मग जिल्हा, तालुका, आणि शेवटी गाव, अशी उतरंड तिने मांडली. युद्ध आणि खर्च यांमुळे तो अहवाल तसाच राहिला, स्वातंत्र्यानंतर तुकड्या-तुकड्यांनी अमलात आला. आपले वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होते, त्यामुळे त्या योजनेशी आपला संबंध १९५६ नंतर आला. पण आज जिल्हा ग्रंथालय, तालुका ग्रंथालय हे शब्द आपण सहज वापरतो, त्यामागे मथेरानला जन्मलेल्या या मुसलमानाची आखणी आहे. आपल्या संग्रहातली इस्माइली हस्तलिखितेही त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली.

आणि के. एम. असदुल्ला? कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल. १९३३ मध्ये भारतीय ग्रंथालय संघ उभा राहिला तेव्हा चिटणीसपद त्यांनी सांभाळले. ग्रंथालयशास्त्र ते लाहोरला शिकले. हा आपल्या माणसांनी पाया घातलेला पेशा आहे. आपण मुलांना डॉक्टर, इंजिनिअर, नाही जमले तर डी.एड. करायला लावतो, आणि पोरगी ग्रंथालयशास्त्र घेते म्हणाली की ‘उससे क्या होगा’ विचारतो. फैजी समिती मलाही चाचांकडूनच कळली. त्यांच्या परीक्षेत तिच्यावर टीप लिहायला आली होती.

वाचनालय पुन्हा सुरू करू म्हटले की तीन आक्षेप येतात.

पहिला, सगळे मोबाईलवर आहे. आहे, आणि खोटेही तिथेच आहे. ते निवडायला शिकवणारा कुठल्या ॲपमध्ये बसतो ते दाखवा.

दुसरा, वाचनालय नको, अभ्यासिका काढू. हा आक्षेप जोरात आहे, कारण त्यात पैसा आहे. अमरावतीत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका जागोजागी झाल्या, खुर्चीचे महिन्याला भाडे, वर पंखा, खाली चार्जरचा सॉकेट. पोरांना बसायला शांत जागा मिळते, घरी दहा जणांत ती मिळत नाही; मी अभ्यासिकेच्या विरोधात नाही. पण तिथे पोरगा स्वतःचीच गाइडे घेऊन येतो आणि तीच घेऊन जातो. त्याला न मागितलेले पुस्तक तिथे कुणी देत नाही. परीक्षा तर शंभरातला एखादाच पास होतो. उरलेल्या नव्याण्णवांच्या हातात चार वर्षांनी काय असते? खुर्ची भाड्याने देणाऱ्याला या प्रश्नाशी कर्तव्य नाही. ग्रंथपालाला आहे.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच: मराठी कशाला, उर्दू ठेवा. उर्दू ठेवाच. चाचांच्या कपाटात उर्दू होतीच. पण या आक्षेपाची जुळी बहीण पलीकडे बसलेली आहे, ती बघा. एका मोठ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात मी एक मराठी कादंबरी मागितली. काउंटरवरच्या माणसाने माझ्या कार्डावरचे नाव वाचले आणि अदबीने सांगितले, ‘उर्दू पुस्तकं नाहीत आमच्याकडे.’ त्याच ग्रंथालयात शेख महंमद श्रीगोंदेकरांचा ‘योगसंग्राम’ मला संतवाङ्मयात सापडला नाही. तो ‘इस्लाम’ या कपाटात होता, नमाजच्या पुस्तकांशेजारी. ड्यूईच्या वर्गीकरणात इस्लामला २९७ आणि मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. ज्याने ग्रंथ न उघडता लेखकाचे नाव बघून अंक टाकला, त्याने सतराव्या शतकातल्या मराठी संतकवीला एका फटक्यात मराठीबाहेर काढले. त्यात द्वेष नव्हता, अडाणीपणा होता. मुस्लिम मराठी लेखकांनी १९९० मध्ये सोलापूरला पहिले संमेलन भरवले तेव्हापासून आपण मराठी साहित्यात आपली जागा कुठे, यावर वाद घालतो आहोत. ती जागा संमेलनाच्या मांडवात ठरत नाही, मित्रहो. पुस्तक दाखल करताना पाठीवर जी चिठ्ठी चिकटते तिथे ठरते, आणि ती चिकटवणाऱ्याला आपण नावापुरता पगार देतो.

मग मागणे काय? सरकारकडे मागणे जुनेच आहे आणि ते सोडायचे नाही: ग्रंथपालाला वेतनश्रेणी द्या, नाहीतर कायदा दुरुस्त करून कर बसवा. पण तोवर आपण काय करणार? आमच्या मोहल्ल्यात पाचशेच्या वर घरे आहेत. घरटी महिन्याला वीस रुपये काढले तर दहा हजार होतात. एक शिकलेला माणूस, किंवा बाई, संध्याकाळचे चार तास आणि जुम्म्याचे दीड तास यांसाठी या पैशात मिळतो. तोही पगार पुरेसा नाही, पण तो पगार आहे. कपाट नंतर. इमारत नंतर. पहिली दोन वर्षे पुस्तकेही नवी घेऊ नका, माझ्या पलंगाखालची तीन पोती पुरतील. आधी पगारपत्रकावर एक सही होऊ द्या.

वीस रुपये ही रक्कम मी मुद्दाम सांगतो. आमच्या चौकात एका पानाला, किंवा दोन कट चहाला तेवढे लागतात.

त्या पोत्यांत दाखल नोंदवहीही निघाली. शेवटची नोंद २,१४६, मार्च २०१९, चाचांच्या अक्षरात. देवघेवीची वहीदेखील आहे. जुम्म्याच्या पानांवर नुसते आकडे आहेत, आणि ते आकडे कोणत्या बायकांचे हे सांगणारे आता कुणी नाही. चाचींना मी वही नेऊन दाखवली. त्यांनी पानावरून बोट फिरवले, दोन-तीन ठिकाणी थांबल्या, थोड्या हसल्या. नावे सांगितली नाहीत.

पुढच्या महिन्यात ट्रस्टची बैठक आहे. मोबाईलवाल्याचा करार संपतो आहे, आणि भाडे पाच हजार करावे अशी सूचना आलेली आहे. खोली परत घ्यावी आणि ग्रंथपालाची पगारी नेमणूक करावी, असा ठराव मी लेखी दिला आहे. ठरावाला अनुमोदक लागतो. आठ घरी जाऊन आलो. सात जणांनी चहा पाजला. आठव्याने विचारले, कपाटं तरी परत मिळतील का, त्याच्या वालिदांचे नाव आहे त्यावर.